काटा बरोबर आहे

आमच्या घरात माझं वजन देवघरासमोर साठ किलो भरतं, स्वयंपाकघरात एकसष्ट आणि बाथरूमच्या दाराशी बासष्टच्या पुढं. बाई तीच, गाउन तोच, पोटही तेवढंच रिकामं. फरशी बदलली की मी बदलते. हसू येत असेल तर खुशाल हसा. पण तुमच्या घरी कुणाला डॉक्टरांनी "रोज सकाळी वजन बघायचं" म्हणून सांगितलं असेल, तर हसून झाल्यावर पुढचं नीट वाचा. मला हे कुणी आधी सांगितलं असतं, तर माझा गुडघा शाबूत राहिला असता आणि डोकंही.

घरात आम्ही चौघं. मी, आमचे हे, मुलगा महेश आणि सून शुभांगी. ह्यांचं भुसार मालाचं दुकान होतं, ज्वारी, तूर, हरभरा. गुडघे बोलायला लागले तसं ते बंद केलं. दुकान बंद झालं, पण दुकानदार काही बंद झाला नाही. पुढची निम्मी कथा त्याचीच आहे.

थोडा म्हणजे किती?

आधी जिना चढताना दम लागायला लागला. सगळे म्हणाले, वय झालं. मग आडवं पडलं की जीव घुसमटायचा, दोन उशा लागायच्या, मग तीन. सगळे म्हणाले, ॲसिडिटी. मग पाय असे सुजले की रोजची चप्पल जाईना. तेव्हा कुठं मला दवाखान्यात नेलं, तेही शुभांगी हट्टाला पेटली म्हणून.

छातीवर गार मलम लावून मशीन फिरवलं. डॉक्टर म्हणाले, "काकू, हृदयाचा पंप थोडा मंद झालाय. अंगात पाणी साठतंय."

मी म्हटलं, "थोडा म्हणजे किती?"

ते कागदावर लिहीत राहिले. आमचे हे मध्येच म्हणाले, "पंप दुरुस्त हुतोय का, बदलायचा?" विहिरीवरची मोटर असल्यासारखं. मला इतका राग आला की भीती वाटायची राहूनच गेली. ती नंतर वाटली, नाकाला ऑक्सिजन लावून पडल्यावर. छताकडं बघत एकच विचार यायचा, की आता प्रत्येक श्वास मोजूनमापून घ्यायचा का काय.

दवाखान्यात पहाटे सिस्टर यायची, मोठ्या काट्यावर उभं करायची, आकडा लिहायची आणि जायची. कुणी वाद घालायचं नाही. एवढी शांतता मला लग्नानंतर कधी मिळाली नव्हती.

घरी सोडताना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. मीठ नावाला. पाणी मापून. पाण्याची गोळी चुकवायची नाही. "आणि रोज वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते जेवणाचं नाही, पाण्याचं. दम लागायची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. उशीर झाला तर पुन्हा इथंच, आणि प्रत्येक वेळी पंप आणखी थोडा दमतो."

म्हणजे माझा जीव त्या आकड्यावर. आणि आकडा आमच्या घरच्यांच्या हातात. देवा रे!

लक्ष्मीवर पाय

महेशनं मोबाईलवरून काटा मागवला. काचेचा, चपटा, दिसायला देखणा. खोक्यातून काढला आणि मी पाय उचलला, तर हे ओरडले, "आगं थांब! काट्यावर पाय देतीस व्हय?"

"मग काय हातावर उभी राहू?"

"काटा म्हंजी लक्ष्मी हाय. पाया पड आधी."

ह्यांच्या दुकानात काट्याला चुकून पाय लागला तरी हात लावून कपाळाला लावायचे. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, पेढा. मला हे सगळं मान्य आहे, चाळीस वर्षं मीच ते हार ओवलेत. पण तेव्हा मी वाकले की छातीत भाता चालायचा. रोज सकाळी मी वाकून काट्याच्या पाया पडायची, धापा टाकत उठायची आणि तशीच धापा टाकत काट्यावर चढायची. मी म्हटलंही, "दम लागू नये म्हणून वजन करायचं, का वजन करायला दम लावून घ्यायचा?" पण ऐकतंय कोण.

बरं, लक्ष्मी उघड्या फरशीवर कशी ठेवायची? म्हणून ह्यांनी देवघरासमोर चादरीची चौपदरी घडी घातली आणि तिच्यावर काटा बसवला. सोलापूरच्या घरात चादरींना काय तोटा. मऊ बैठकीवर काटा असा रुतून बसला की आकडा खालीच यायचा. आम्हाला वाटलं, गोळी छान लागू पडतेय.

आणि ह्याच्यावर कडता!

कडता म्हणजे, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, पोत्यासकट धान्य तोललं की रिकाम्या पोत्याचं म्हणून जे वजन कापतात ते. मला चष्म्याशिवाय खालचा आकडा दिसत नाही, म्हणून तो हे वाचायचे. वाचायचे कसले, सौदा करायचे.

"साठ दोनशे. गाउन, बांगड्या, मंगळसूत्र... सातशे कडता. एकोणसाठ पाचशे लिव."

दुसऱ्या दिवशी गाउन तोच, बांगड्या त्याच, पण कडता नऊशे. मी विचारलं, "आज गाउन जड झाला का?" तर म्हणाले, "तू गप ग, तुला न्हाय कळत." मला सगळं कळत होतं. आकडा वर सरकला की ह्यांना भीती वाटायची, आणि भीती वाटली की कडता वाढायचा. रागवायचं तरी कसं अशा माणसावर? तरी मी रागवायचीच.

गावाला कोरड, मला पूर

उन्हाळा लागला. बाहेर उन्हानं डांबर पाघळतंय, घरात पंखा गरम वारा फेकतोय, आणि मला दिवसाचं पाणी एका बाटलीत मोजून. नळाला पाणी चार दिवसांआड, घरात पिंप, हंडे, कळश्या भरून ठेवलेल्या. सगळीकडं पाणीच पाणी आणि मी ओल्या फडक्यानं ओठ पुसत बसलेली. गावाला प्यायला पाणी नाही आणि माझ्या अंगात साठतंय, हा कुठला न्याय?

जेवण तर विचारूच नका. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही ह्यावर वाढलेली मी. बिनमिठाच्या आमटीचा पहिला घास घेतला आणि रडायलाच आलं. शेजारच्या शमीमभाभी नसत्या तर मी गोळ्यांनी नाही, आमटीनं मेले असते. त्यांनी शेंगा कुटून, दुप्पट लसूण घालून, वर लिंबू पिळून वाटीभर चटणी आणली. मी म्हटलं, "भाभी, मीठ?"

"नमक नक्को बोले ना डॉक्टर? लसूण कू तो नक्को नै बोले!"

त्या चटणीनं माझी जीभ जिवंत ठेवली. आजाऱ्याकडं येताना सफरचंदं आणू नका हो, असं काहीतरी आणा.

दुप्पट गोळी

मग हे दोन दिवस मंद्रूपला गेले, पुतण्याचा साखरपुडा होता. जाताना शुभांगीला बजावून गेले, "वजन बगत जा."

शुभांगी कामसू पोरगी. बँकेत नोकरी, सकाळी धावपळ. तिनं काटा देवघरापासून उचलला आणि बाथरूमच्या दारात टाकला, म्हणजे मी बाहेर आले की लगेच उभी. चादर नाही, पाया पडणं नाही, कडता नाही. मला तर सुटल्यासारखं झालं. आकडा आला बासष्ट चारशे. आदल्या दिवशीचा ह्यांनी कॅलेंडरवर लिहिलेला होता एकोणसाठ पाचशे.

पोरीचा चेहराच उतरला. "आई, एका दिवसात तीन किलो!"

"अगं, मला दम नाही, पाय बघ, चप्पल जातेय."

"डॉक्टर म्हणाले होते, दम लागायची वाट बघायची नाही."

तिनं फोन केला. मोठे डॉक्टर गावाला गेलेले, त्यांच्या हाताखालच्यांनी सांगितलं, पाण्याची गोळी दोन दिवस दुप्पट करा आणि मग आणून दाखवा. त्यांची तरी काय चूक, त्यांना आकडाच तसा सांगितलेला.

दोन दिवस मी बाथरूममध्येच राहायला गेले म्हणा ना. पोटऱ्यांत गोळे, जिभेला कोरड, डोकं भणभणलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठले, दोन पावलं टाकली आणि सगळं काळं झालं. शुद्धीवर आले तेव्हा फरशीवर होते, उजवा गुडघा टम्म आणि शुभांगी माझं डोकं मांडीवर घेऊन रडत होती.

दवाखान्यात बीपी बघून मोठे डॉक्टर चक्रावले. "काकू, पाणी साठलंच नव्हतं. तुम्ही उलट कोरड्या पडलाय. वजन कशावर केलं होतं?"

कशावर, ते मी काय सांगणार! सलाइन लावून संध्याकाळी घरी आणलं, गुडघ्याला पट्टा बांधून.

पोतं नाही, माणूस

हे मंद्रूपहून आले ते चपला काढायच्या आधी सुरू झाले. "आगं पण कडता न्हाय धरला व्हय? चादर कुटं हाय? हितं दारात वजन करत्यात का?"

शुभांगी कधी उलटून बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "अण्णा, मी दिसला तो आकडा सांगितला. तुम्ही रोज कमी करून लिहीत होता, ते मला काय माहीत?"

"मी कमी केलं? मी? चाळीस वर्सं तोललंय मी, कुणी बोट दावलं न्हाय!"

महेश मध्ये पडला, तो मोबाईलवर कुठं काय लिहिलंय ते वाचून दाखवायला लागला. तिघं एकदम बोलायला लागले. मी गुडघ्यावर बर्फ धरून पडलेली, आणि माझ्या डोक्यावरून माझंच वजन इकडून तिकडं फेकलं जातंय. माझं टाळकं सटकलं.

"गप बसा सगळे! मी जिवंत आहे अजून! पोतं नाही मी कडता धरायला. माझा जीव त्या आकड्यावर आहे आणि तुम्हाला एक काटा सरळ ठेवता येईना?"

मग मी ह्यांच्याकडं वळले. "अहो, दुकान उघडल्यावर पहिलं काय करायचात?"

"काटा तपासायचो."

"कशानं?"

"मापानं. वीस किलोच्या."

"मग इथं काय झालं? गिऱ्हाइकाच्या ज्वारीला माप आणि बायकोला अंदाज?"

हे तसेच उठले, महेशला माळ्यावर चढवलं आणि गोणपाटात गुंडाळलेलं वीस किलोचं लोखंडी वजन खाली उतरवलं. पुसलं. आणि काटा घेऊन घरभर हिंडायला लागले. चादरीवर ठेवलं, वीस किलोचं माप साडेएकोणीस भरलं. हे "आयला," म्हणाले. बाथरूमच्या दाराशी वीसच्या वर पाचशे. आमची शहाबादी फरशी, कुठं खोलगट, कुठं उचललेली, काट्याचा एक पाय कायम अधांतरी. फिरत फिरत फ्रिजच्या शेजारी एक फरशी सापडली, तिथं तीन वेळा ठेवलं, तीन वेळा वीसला वीस. शुभांगीनं नेलपॉलिशनं त्या फरशीवर काट्याच्या चार कोपऱ्यांच्या खुणा केल्या. लाल, चकचकीत. घराची शोभाच झाली ती.

नियम मी केले. उठायचं, बाथरूमला जाऊन यायचं, चहाच्या आधी, रोज तोच गाउन, तीच फरशी. आधी माप, मग मी. चादर नाही. कडता नाही.

ह्यांना ते पटेना. "पर गाउनचं वजन हाय की."

"असू दे. रोज तेवढंच असतंय ना?"

डॉक्टरांनी नंतर हेच सांगितलं. तुमचं खरं वजन किती ते मला नको, कालच्यापेक्षा आज किती ते हवं. एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला एक गुडघा खर्ची घालावा लागला.

राहिलं पाया पडणं. ते मी साफ नाही म्हटलं. मग तोड निघाली, माझ्या वतीनं हे पाया पडतात. गुडघ्यांवर हात देऊन, कण्हत कण्हत. मला ते बघायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

वीसला वीस

पुढचे काही आठवडे एकसष्ट. रोज उठून एकसष्ट, कधी शंभर इकडं, शंभर तिकडं. इतका कंटाळवाणा आकडा, पण मला तो फार आवडायला लागला. कॅलेंडरवर ओळीनं एकसष्ट बघितले की चहा गोड लागायचा.

गुडघा मात्र ठणकत होता. हे मेडिकलमधून दुखायच्या गोळ्या घेऊन आले, त्या मी घेत होते. बरं वाटायचं.

एका सकाळी एकसष्ट आठशे आले. दुसऱ्या दिवशी बासष्ट पाचशे. शुभांगीनं आमटीचं पातेलं चाखून बघितलं, मीठ पडलंय का. तिसऱ्या दिवशी हे माझ्या आधी उठून बसले होते. काट्यात नवे सेल घातले. फरशी पुसली. खाली खडाबिडा आलाय का, बोट फिरवून बघितलं. माप ठेवलं. वीस. उचललं, पुन्हा ठेवलं. वीस. काटा उलटा फिरवून ठेवलं. वीसच.

मी चढले.

"त्रेसष्ट शंभर," हे म्हणाले. मग म्हणाले, "उतर. पुन्ना चड."

त्रेसष्ट शंभर.

"गाउन वला हाय का ग?" माझ्या गाउनची कड हातात धरून बघितली त्यांनी. कोरडी होती. मग म्हणाले, "बांगड्या काढ."

चाळीस वर्षांत ह्या माणसानं मला बांगड्या काढ म्हटलेलं नाही. उलट एखादी फुटली तर दुसरी भरेपर्यंत जीव खायचे. मी काढल्या. आकडा उतरला तो नावापुरता.

आणि खरं सांगू? मला काहीच होत नव्हतं. दम नाही, चप्पल जात होती. मागच्या वेळची दुप्पट गोळी, ती अंधारी, ती आपटणं, सगळं आठवत होतं. मी म्हटलं, "उद्या बघू की. उद्या उतरेल."

हे फरशीवरच बसले होते, एक हात त्या लोखंडी मापावर. मला वाटलं होतं, हो म्हणतील. कडता धरायला सगळ्यात मोठी जागा होती ती. पण त्यांनी खिशातून फोन काढला आणि स्वतः लावला. ह्या वेळी मोठे डॉक्टरच होते. त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. "काका, मागच्या वेळेसारखं नाही ना झालं? एकदा काटा नीट बघता का?"

"न्हाय डॉक्टर," हे म्हणाले. "काटा बरोबर हाय."

दुकानात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकलंय. गिऱ्हाइकानं जरा शंका घेतली की छाती काढून म्हणायचे. त्या दिवशी म्हणताना आवाज फाटला. फोन ठेवून त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मला म्हणाले, "चल. कापडं भर."

परत

डॉक्टरांनी आधी विचारलं, दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत का. दुखायच्या गोळीचं पाकीट बघून त्यांनी कपाळाला हात लावला. ती गोळी पाणी धरून ठेवते, पंप मंद असलेल्या माणसानं ती विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. हे तुम्हीही ध्यानात ठेवा. शिरेतून औषध दिलं, थोडे दिवस ठेवून घेतलं. ऑक्सिजन लागला नाही. छताकडं बघत श्वास मोजावे लागले नाहीत. "दम लागेपर्यंत थांबला असता तर काकू, गोष्ट वेगळी होती," एवढंच म्हणाले ते. मी पुढं विचारलं नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हे फ्रिजशेजारी हजर. लाल खुणांवर काटा ठेवला, त्याच्यावर माप. वीस. मग गुडघ्यांवर हात देऊन, कण्हत, माझ्या वतीनं पाया पडले. मी चढले.

"साठ आठशे," हे म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की आतल्या खोलीत ते ऐकून शुभांगी चहाचं आधण ठेवायला आली. वर आणखी म्हणाले, "कडता न धरता."

मी उतरले. आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी वाकायला लागले.

"आगं, मी पडलो की पाया! तू कशाला वाकतीस? दम लागंल."

"तुम्ही गप बसा."

दुखरा गुडघा सांभाळत वाकले, काट्याला हात लावला, कपाळाला लावला आणि सरळ उभी राहिले. दम लागला नाही.